वाकळेखालची जाळी

६ जानेवारी, मंगळवार

ही वही आत्याची. दवाखान्यात लसीकरणाच्या नोंदी ठेवायला आली होती, कोरी राहिली आणि आत्या रिटायर झाली तेव्हा तिच्यासोबत घरी आली. प्रत्येक पानावर वर छापलेलं आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, पुढची तारीख. पहिल्या पानावर मी बाळाच्या नावापुढं 'गाडी' लिहिलं आणि आईच्या नावापुढं आत्याचं, 'चांगुणाबाई'. आत्यानं चष्मा वर करून वाचलं. हसली नाही, पण चहा दुसऱ्यांदा विचारला. तारखेला एवढा मोठा रकाना कशाला म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "नुसतं तोंडानं सांगितलं की माणूस येत न्हाई. तारीख लिहून दिली की येतं." एकतीस वर्षं नर्स होती ती, तिला माहीत असणार.

आता काम काय ते लिहितो, नाहीतर मी भलतीकडंच जाईन. गाडी धम्माताईची, म्हणजे आत्याच्या मुलीची, धम्मशीलाची. ताईची बेंगळुरूला बदली झाली तेव्हा तिनं गाडी झरीला आईसाठी ठेवली. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी हायब्रीड आहे. झरीत अशी एकच, आणि जिंतूरपर्यंत मी तरी दुसरी पाहिलेली नाही. गल्लीतून निघते तेव्हा कुत्रंसुद्धा मान वर करत नाही, इतकी गुपचूप. तिची तीन वर्षांची वॉरंटी नऊ फेब्रुवारीला संपते. ताई फोनवर म्हणाली, त्याच्या आत दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्या, नाहीतर गाडी विकून टाका. इकडं ही गाडी उघडणारा मेकॅनिक नाही, बिघडली तर आई काय करणार? घ्यायला नांदेडचा एक माणूस तयार आहे म्हणे.

आत्या म्हणाली, "सिद्धोधन बघील. त्याला गाडीचं कळतं. तो सांगील तसं करू."

मला आयुष्यात कुणी असं म्हटलेलं नाही. बारावीला दोनदा बसलो, दोनदा उठलो. वडील गेल्यावर बाहेर पडलो तो सुरत, पुणे, हैदराबाद, मधे चार महिने गोवा. सात वर्षांत एका जागी दिवाळी दोनदा केली नाही. ऑक्टोबरात इथं आलो ते आठ दिवसांसाठी. आत्याला पाथरीला सोडायचं होतं, मग परभणीला डोळे दाखवायचे होते, मग असंच काहीबाही निघत गेलं. तर आता ही वही. जे कळेल ते यात लिहायचं आणि शेवटी निकाल.

९ जानेवारी, शुक्रवार

बन्सीधरला विचारलं. तो पाथरी लाईनीवर जीप चालवतो आणि आवाजावरून गाडीचं वय सांगतो. आपली गाडी आवाजच करत नाही म्हणून तो तिच्यावर जरा नाराज आहे.

तो म्हणाला, वारंटी ही भ्यालेल्या माणसाला विकायची चीज. त्याची जीप सतरा वर्षं पळायलीय, कुणी दिली होती तिला वारंटी? मी म्हटलं, सतरा वर्षांत बदललं काय काय ते सांग. त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. इंजिन दोनदा, गिअरबॉक्स, पाटे, रेडिएटर, दरवाजे. दोन्ही हातांची बोटं संपली. मग म्हणाला, "चेसी तेवढी तीच हाय."

पण जाता जाता त्यानं पाचर मारून ठेवली. म्हणाला, तुझ्या गाडीची बॅटरी ही घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी न्हाई. ती गेली की खेळ खलास.

आणखी विचारणार होतो, तेवढ्यात त्यानं कणसं भाजायला घेतली. ज्वारी हिरवीगार भरलेली, हुरडा असा गोड की चटणी नको वाटावी. पाच जण जमले. ही चार्जिंगला कुठं लावता, हे पाचही जणांनी विचारलं. मी पाचही जणांना सांगितलं की लावावीच लागत नाही, ब्रेक दाबला की आपली आपण भरून घेते. पाचवा म्हणाला, मग तर ब्रेक दाबतच जायचं. त्याला समजावण्यात दुपार गेली. वॉरंटीचं तिथंच राहिलं.

११ जानेवारी, रविवार

एक गोष्ट लिहून टाकतो. आत्या म्हणते मी तुझी वही वाचत नाही.

डिसेंबरात एका दुपारी आभाळ भरून आलं होतं. बन्सीधरचा वेचलेला कापूस शेतात पडून, जीप पाथरीला अडकलेली, आणि त्याची बायको सविता बांधावर उभी राहून आभाळाकडं बघायली. आत्या एसटीनं परभणीला गेली होती. मी गाडी टायरमध्ये हवा भरायला नेतो म्हणून काढली होती. सविताला म्हटलं, वहिनी, आणा इकडं. मागची सीट आडवी केली, गाठोडी कोंबली, डिकीचं झाकण दोरीनं बांधलं. चार खेपा केल्या. शेवटची खेप घरात पडली आणि टपोरे थेंब सुरू झाले. त्या दिवशी मला जो तोरा चढला तो अजून उतरलेला नाही. लाखांची गाडी आणि तिनं कापूस वाचवला.

नंतर केरसुणीनं गाडी झाडली, वाकळ पुन्हा अंथरली. आत्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रागावली असती असंही नाही. पण हवा भरायला नेतो म्हटलं होतं ना.

वाकळेबद्दल लिहायचं राहिलं. मागच्या सीटवर आत्यानं शिवलेली वाकळ असते, तिच्या पांढऱ्या युनिफॉर्मच्या साड्यांचे थर टाचून केलेली. एकतीस वर्षांच्या साड्या. टाके मुंगीच्या पावलासारखे. सीट मळू नये म्हणून तिनं ती चारी बाजूंनी आत खोचून बसवली आहे, खाली पायाकडच्या बाजूलासुद्धा. शोरूममधल्या गाडीलाही एवढी शोभा नसेल.

१४ जानेवारी, बुधवार

नामविस्तार दिन. पहाटे निघालो, आत्या पुढं, मागं वाकळेवर गल्लीतल्या दोघी. आत्या दरवर्षी विद्यापीठाच्या गेटला जाते. पूर्वी एसटीनं उभ्यानं जायची. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीच्या वर्षी, ती चौदा वर्षांची होती. त्या वर्षाचं ती काही बोलत नाही, फक्त दरवर्षी जाते.

गर्दी एवढी की गाडी लांब लावून चालत गेलो. पांढऱ्या साड्यांचा आणि निळ्या झेंड्यांचा पूर. गेटसमोर आत्या हात जोडून उभी राहिली तेव्हा मी तिच्या मागं होतो. मान ताठ होती तिची. मला वाटलं ही रडेल, पण ती वळून म्हणाली, "पुढच्या वर्षी गाडी जरा अलीकडंच लावू, पाय दुखतेत." मी म्हटलं, हो.

परतताना चारठाण्याचा फाटा दिसला आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांचे दोन तास झाले. एवढाल्या जुन्या देवळांत कुणी नाही, शेळ्या बसलेल्या. एक उंच दगडी खांब आहे, नक्षीनं भरलेला, त्याला हात लावला की आतून थंड लागतो. ज्या माणसानं तो घडवला त्याला किती वर्षांची वॉरंटी मागितली असेल, असा विचार आला आणि मी एकटाच हसलो. आत्या आणि त्या दोघी पायरीवर बसून तिळाचे लाडू खात होत्या. घाई कर, असं ती म्हणाली नाही. ती मला कधीच घाई कर म्हणत नाही.

पण जिंतूर सोडल्यावर मागून आवाज यायला लागला. पंख्याचा घुर्र, वाढतच चाललेला. मागच्या एकीनं विचारलं, सीटखाली काही चालू केलंय का. धोक्याचा दिवा पेटला नव्हता. गाडी चालतही होती. मी वेग मात्र कमी केला.

१५ जानेवारी, गुरुवार

बन्सीधरनं कान लावून ऐकलं. बॅटरी चालली म्हणाला. त्याचं तोंड बघून वाटलं, दवाखान्याबाहेर उभे आहोत.

नांदेडला सर्व्हिस सेंटरची वेळ घेतली, मंगळवारची. ताईला सांगितलं नाही. तिनं लगेच त्या गिऱ्हाइकाला फोन लावला असता.

२० जानेवारी, मंगळवार

आजचं सविस्तर लिहायला पाहिजे.

सर्व्हिस सेंटरात मनिषा मॅडम भेटल्या. माझ्याच वयाच्या असतील, कोटाच्या खिशात टॉर्च. मी त्यांना आवाज, वेग, किती किलोमीटरनंतर सुरू झाला, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही मेकॅनिक आहात का? मी म्हटलं, नाही, पण होऊ शकलो असतो. आत्या शेजारी बसलेली, तिनं पदर सारखा केला.

मॅडमनी मागचं दार उघडलं आणि वाकळ बघून थांबल्या. ही इथं कायम असते का म्हणून विचारलं. आत्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं की माझ्या युनिफॉर्मच्या साड्यांची हाय, स्वतः टाचलीय. मॅडमनी टाके बघितले, लय सुंदर म्हणाल्या, आणि मग वाकळेची खालची कड उचलली. सीटच्या खालच्या बाजूला एक प्लास्टिकची जाळी. ती मी तीन महिन्यांत पाहिली नव्हती. मोठी बॅटरी सीटखाली असते आणि ती याच जाळीतून गाडीतली थंड हवा ओढते.

"मावशी, बॅटरीचं नाक दाबून ठेवलं होतं आपण," मॅडम म्हणाल्या.

आत्याचा चेहरा उतरला. कुणा बाळाचं काही चुकलं असतं तर असाच उतरला असता.

जाळी बाहेर काढली तर तिच्यावर गादीसारखा पांढरा-करडा थर. हवा जात नाही म्हणून पंखा जीव तोडून फिरत होता, आवाज त्याचा. मॅडमनी थर झटकला. आत्या खाली वाकली, फरशीवरून काहीतरी उचललं आणि पदराच्या टोकात बांधलं. तिला जमिनीवर पडलेलं काही सोडवत नाही.

मग फॉर्म. वाढीव वॉरंटी घ्यायची तर गाडी तपासून हा फॉर्म भरावा लागतो. त्यात एक प्रश्न होता: गाडीत माल वाहिला आहे का, खत, धान्य, कापूस वगैरे. मॅडम पेन धरून माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, नाही.

आत्या म्हणाली, "माझ्या वाकळेचं हाय ते सगळं. दोष माझा."

मॅडमनी 'नाही' लिहिलं, मी लिहू दिलं.

चांगली बातमी लिहितो. बॅटरी ठणठणीत निघाली. आणि दुसरी गोष्ट, जिच्यासाठी बन्सीधरला एकदा हुरडा मी खाऊ घालणार: बॅटरीला कंपनीची आठ वर्षांची वॉरंटी पहिल्यापासूनच आहे. वाढीव घ्या न घ्या, ती आहेच. म्हणजे गेले दहा-बारा दिवस मी ज्याची फिकीर केली त्याचा ह्या वॉरंटीशी संबंधच नाही. वाढीव वॉरंटी ही बाकीच्या सामानासाठी: एसी, स्टिअरिंगची मोटर, समोरचा टचस्क्रीनचा पडदा, वीज इकडून तिकडं फिरवणारी पेटी. पण जाळी तुंबून बॅटरी गेली तर आठ वर्षांचीही भरपाई नाही आणि दोनचीही नाही.

येताना आत्यानं वाकळ घडी करून मांडीवर घेतली होती. नव्वद किलोमीटर. गाडी परत गुपचूप झाली होती. मागचा आवाज गेला, तर मला दुसरंच काही ऐकू यायला लागलं.

२२ जानेवारी, गुरुवार

आत्यानं वाकळ धुतली, वाळवली, ट्रंकेत ठेवली. ट्रंकेचं झाकण बंद करताना मी तिथंच उभा होतो. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मी म्हटलं, ट्रंकेची कडी ढिली झालीय, बसवून देतो.

कडी बसवून दिली.

२६ जानेवारी, सोमवार

शाळेत झेंडा झाला आणि आत्या म्हणाली, चल जरा. 'जरा' म्हणजे किती हे ती सांगत नाही. फाट्यावर आलो की म्हणते डावीकडं घे, पुढं उजवीकडं घे. आज तीन गावं झाली. प्रत्येक गावात तेच: गाडी थांबली की बाया गोळा होतात. एकीनं आपल्या पोराला पुढं ढकललं. माझ्याएवढा दांडगा, मिशी फुटलेला. आणि म्हणाली, "बाई, हा तुमच्या हातचा." तो पोरगा लाजून लाजून अर्धा झाला. ह्याच रस्त्यांनी आत्या लसीचा डबा खांद्याला अडकवून चालत गेलेली आहे, चिखलात, उन्हात. आज तीच बाई हायब्रीडमधून उतरते. दार मी उघडतो. ते दार उघडताना मला काय वाटतं ते लिहिता येत नाही. ज्याला कळायचंय त्यानं एकदा उघडून बघावं.

एका म्हातारीनं बॉनेटवरून हात फिरवून विचारलं, गाडी तुमची का? आत्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "गाडी लेकीची हाय. चालवणारा माझा."

हे सगळं चालू असताना हैदराबादहून हरिओमचा फोन. आम्ही तिथं एकाच मालकाकडं टुरिस्ट बस चालवायचो. आता त्यानं स्वतःच्या दोन घेतल्यात, एक मला देतो म्हणतो, एक मार्चपासून. तिरुपती, श्रीशैलम, कुठं कुठं. पायाला मुंग्या आल्या ऐकूनच. मी म्हटलं, कळवतो.

येताना आत्यानं विचारलं, कुणाचा होता. सांगितलं. ती काच खाली करून बाहेर तुरीकडं बघायला लागली. मग म्हणाली, वारंटी घेतली तर गाडी नेमानं नांदेडला न्यावी लागंल ना? मी म्हटलं, लागेल. कोण नेणार, म्हणाली. हा प्रश्न तिनं ह्या महिन्यात तिसऱ्यांदा विचारला. मी तिला सांगितलं की सर्व्हिस सेंटरवाले घरून गाडी न्यायला माणूसही पाठवतात, वेगळे पैसे घेतात. ती हं म्हणाली. तांत्रिक गोष्टी तिला पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात.

३१ जानेवारी, शनिवार

सांगितलं.

आत्या अंगणात तूर पाखडत होती. मी समोर बसलो आणि खडे वेचायला लागलो. तिला खडे वेचणारं माणूस लागत नाही, तिचं सूप खडे बरोबर वेगळे करतं. तरी वेचले. मग म्हटलं, "आत्या, ते वाकळेचं नव्हतं. मी डिसेंबरात बन्सीधरचा कापूस वाहिला गाडीतून. हवा भरायला नेतो म्हटलो होतो त्या दिवशी."

सूप थांबलं नाही. ती म्हणाली, "सविताच्या चार खेपा."

चार हा आकडा मी तिला सांगितलाच नव्हता. तिनं पदराची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर एक सरकी ठेवली. कापसाचं काळं बी. त्याला अजून थोडी रुई चिकटलेली होती.

"वाकळंत सरकी कुठून यंल, लेका?"

"मग तिथं का न्हाई बोललीस? सगळा दोष अंगावर घेतलास."

"वाकळ मीच खोचली होती की. ते खोटं न्हाई." तिनं सूप खाली ठेवलं. "दवाखान्यात पेशंटला मी कधी चोर म्हणून विचारलं न्हाई. बसू द्यायचं जरा बाकावर. आपून होऊन सांगतो."

अकरा दिवस मी बाकावर बसलो होतो म्हणजे.

मग तिनं विचारलं, सविताचा कापूस भिजला का? मी म्हटलं, एक बोंडही नाही. तिनं पुन्हा सूप उचललं. म्हणाली, बरं केलंस. एवढंच. पण ते ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी गावातल्या बाया तिला 'बाई' म्हणून हाक मारतात तेव्हा ऐकलेला आहे.

सरकी ह्या वहीत ठेवली होती. पान उघडलं की घरंगळते, म्हणून आता काडेपेटीत ठेवली.

४ फेब्रुवारी, बुधवार

निकाल लिहिला. चार वेळा खोडून. गाडी विकली जाऊ नये असं मला वाटतं, त्यामुळं माझं गणित तिकडं झुकतंय का, ही शंका होती. म्हणून मुद्दाम स्वतःच्या विरुद्ध बाजूनं लिहीत गेलो. तरी उत्तर आलं ते असं:

वाढीव वॉरंटी नको. विकायचीही नको. एक, बॅटरीला अजून पाच वर्षं कंपनी आहेच. दोन, गाडी तीन वर्षांत एकतीस हजारच पळालीय, एवढ्यात बाकीचं सामान सहसा जात नाही. तीन, वॉरंटीला आत्याची जवळजवळ एका महिन्याची पेन्शन लागते, तेवढी बाजूला ठेवली तर एखादी मोटर गेली तरी भागेल. चार, खरा धोका जाळीचा, आणि तो कुठल्याच कागदात नाही. जाळी दर दोन महिन्यांनी साफ केली की झालं.

आत्याला वाचून दाखवलं. शाळेत धडा वाचताना अडखळायचो, आज नाही अडखळलो. आत्यानं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "तुझं बरोबर हाय. एकेक गोष्ट बरोबर हाय. आता वारंटीच्या कागदावरची ती अटींची पाठची बाजू वाच."

वाचली. दर सहा महिन्यांनी ठरलेल्या तारखेच्या आसपास गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवली पाहिजे. एक जरी चुकली तरी वॉरंटी बाद.

"दोन वर्षांत किती येळा?"

"चार."

"आन नेणार कोण?"

"मी. आणखी कोण?" मी म्हटलं. नेणारा माणूस पाठवतात हे मागं सांगितलं होतं, पण आपली गाडी परक्याच्या हातात कशाला द्यायची? तो चारठाण्याला थांबेल का?

आत्या उठली, चष्म्याचं घर शोधलं, चष्मा आत ठेवला. "मग घेऊ," म्हणाली.

मी तिला पुन्हा समजावलं. एक, दोन, तीन, चार. ती ऐकत होती आणि हसत होती. एवढी हसताना मी तिला पाहिलेलं नाही. तो सांगील तसं करू म्हणाली होती, आणि आता बरोबर हाय म्हणून उलटं करते. पण पेन्शन तिची, मी किती बोलणार? गणित तिला पटलं की नाही कळलं नाही. माझ्यावर भरोसा आहे, एवढं मात्र कळलं, आणि त्यानं छाती फुगली हे कबूल करतो.

ताईला फोन केला. म्हटलं, मी नको म्हणून सांगितलं तरी आत्या वॉरंटी घ्यायलीय. ताई म्हणाली, "सिद्धू, मी बेंगळुरूला नसते तर मला तुझी इतकी गरज पडली नसती." ह्याचा अर्थ काय लावायचा? त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवते म्हणाली.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज रमाईंची जयंती. आत्यानं सकाळी फोटोला हार घातला आणि मग आम्ही नांदेडला.

मनिषा मॅडमसमोर बसलो. त्यांनी तोच फॉर्म काढला. माझं 'नाही' त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी म्हटलं, मॅडम, तिथं 'हो' करा. कापूस वाहिला होता, चार खेपा. वॉरंटी मिळणार नसेल तर तसं सांगा, पण तिथं 'नाही' राहू देऊ नका.

मी आत्याकडं बघितलंही नाही. वॉरंटी नाही मिळाली तर गाडी हातची जाते का काय, एवढंच डोक्यात.

मॅडमनी भाड्यानं वाहिला का विचारलं. नाही म्हटलं, पाऊस येत होता म्हणून. त्या आत साहेबांकडं गेल्या. पाच-सहा मिनिटं लागली असतील. भिंतीवर टायरचं चित्र होतं, त्याच्या खाचा मी मोजल्या. परत आल्या आणि म्हणाल्या, धंद्यासाठी नव्हता ना, मग चालतं. त्यांनी 'नाही' खोडून 'हो' लिहिलं, शेजारी माझी सही घेतली. मग जाळी कशी काढायची ते माझ्या हातून करून घेतलं. दुसऱ्यांदा मी न बघता काढली. त्या म्हणाल्या, आमच्याकडच्या पोराला आठवडा लागला होता.

फॉर्मच्या शेवटी होतं: गाडी चालवणाऱ्याचं नाव, कायमचा पत्ता. नाव भरलं. पत्त्यापाशी पेन थांबलं. आजवर मी असल्या रकान्यात मालकाचा पत्ता टाकायचो, नाहीतर लॉजचा. मी लिहिलं: मुक्काम पोस्ट झरी, तालुका जिल्हा परभणी. मॅडमना अक्षर लागलं नाही, म्हणून परत मोठ्यानं सांगितलं. जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं वाटतं, पलीकडच्या टेबलावरची माणसं बघायला लागली.

९ फेब्रुवारी, सोमवार

वॉरंटी आजपासून सुरू.

सकाळी हरिओमला फोन लावला. म्हटलं, जमणार नाही, ऑगस्टला गाडी नांदेडला न्यायचीय. तो म्हणाला, ऑगस्टला अजून सहा महिने हायत की रे. मी म्हटलं, जाळी एप्रिलला हाय. तो म्हणाला, कसली जाळी? त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी त्यानं विचारलं, त्याच्या बसला पण असते का ती.

दुपारी बन्सीधर आला, गाडीला कान लावून बसला. काहीच ऐकू येईना म्हणून वैतागून गेला.

आत्यानं ही वही मागितली. म्हणाली, तारखा लिही. 'पुढची तारीख'च्या रकान्यात मी चारही लिहिल्या: ऑगस्ट, फेब्रुवारी, पुन्हा ऑगस्ट, पुन्हा फेब्रुवारी. मधे बारीक अक्षरात जाळीच्या. तिनं पेन घेऊन एकेका तारखेवर बोट ठेवलं, ओठांतल्या ओठांत वाचलं, प्रत्येकीपुढं बरोबरची खूण केली. मग वही बराच वेळ तिच्याकडंच होती. मी गाडी पुसायला गेलो.

आत्ता उघडून बघतो तर पहिल्या पानावर बाळाच्या नावापुढं मी लिहिलेल्या 'गाडी'वर तिनं एक सरळ रेघ मारली आहे आणि शेजारी 'सिद्धोधन' लिहिलंय; आईच्या नावापुढचं 'चांगुणाबाई' तसंच आहे. वय झालं आता तिचं. नोंद गाडीची आणि नाव माझं टाकून बसली. मी खोडलं नाही. एकतीस वर्षांचा हात आहे, अक्षर लय सुरेख आलंय.